गाडी सुरू झाली, पण कशामुळे?

जुन्या मोटारींच्या कामाला लागलो तेव्हा माझी समजूत अशी होती, की इंजिन खोलून पुन्हा बांधलं, रंग चढला, हँडल मारल्यावर धडधड सुरू झाली, म्हणजे काम संपलं. खरं तर ती गाडी तेव्हा नुसती उभी राहिलेली असते. तिला काय काय होतंय ते रस्त्यावर गेल्याशिवाय कळत नाही.

माझी पहिली फजिती मॅग्नेटोने, म्हणजे ठिणगीसाठी वीज बनवणाऱ्या यंत्राने, केली. गाडी थंड असताना दुसऱ्या हँडलला सुरू व्हायची. बारा-तेरा किलोमीटर झाले की आचके देऊन बंद. मी रस्त्याकडेला कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) उतरवायचो, त्यातला जेट, म्हणजे पेट्रोलचं बारीक छिद्र, फुंकून साफ करायचो, सगळं जोडायचो. हँडल मारलं की सुरू! कचरा अडकला होता म्हणायचं आणि घरी. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा तर टाकीसुद्धा धुऊन काढली.

चौथ्या खेपेला मिस्त्री शेजारी होते. गाडी बंद पडली तसा मी पान्याला हात घातला. ते म्हणाले, "ठेव तो पाना. अर्धा तास गप बस." बसलो. मग त्यांनी हँडल मारायला सांगितलं. गाडी सुरू झाली! कार्बोरेटरला कुणी बोटही लावलं नव्हतं.

माझ्या साफसफाईला साधारण अर्धा तास लागायचा आणि तेवढ्यात मॅग्नेटो निवायचा. तापला की आतला कंडेन्सर, म्हणजे ठिणगी जोरदार ठेवणारा छोटा विजेचा भाग, दगा द्यायचा, थंड झाला की ठिणगी परत यायची. श्रेय मात्र मी जेटला देत होतो.

तेव्हापासून गाडी बंद पडली की काहीही खोलायच्या आधी, ती गरम असतानाच, मी ठिणगी बघतो. एक जादा प्लग खिशात असतो. वायर त्याला जोडायची, प्लगचा धातूचा भाग इंजिनला नीट टेकवायचा आणि कुणाला तरी हँडल मारायला सांगायचं. आसपास पेट्रोल गळत नाही ना, हे आधी बघा. ठिणगी चांगली असेल तरच पेट्रोलच्या वाटेला जा.

आणि एका फेरीनंतर एकच बदल करा. टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) हलवलं, जेट बदलला, ब्रेकही आवळला आणि गाडी सुधारली, तर कशाने सुधारली हे कुणाला सांगणार? माझ्या वहीत प्रत्येक फेरीचं अंतर, हवा, चढ आणि केलेला एकच बदल लिहिलेला असतो. वही इतकी तेलकट आहे की वाचायला मलाच त्रास होतो.

पहिली फेरी दोनेक किलोमीटरची, रिकाम्या सपाट रस्त्यावर. ती फक्त ब्रेकसाठी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या कित्येक गाड्यांना ब्रेक मागच्याच चाकांना असतात, तेही सळ्यांनी किंवा केबलने ओढले जाणारे, त्यामुळे थांबायचा विचार बराच आधी करावा लागतो. परत आल्यावर चारही चाकांच्या हबजवळ, म्हणजे मधल्या भागाजवळ, हाताचा मागचा भाग न्या. एकच हब जास्त तापला असेल तर तिथे ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग घट्ट बसलंय. मग पाच, वीस, पन्नास किलोमीटर असं वाढवत जायचं. इंजिन तापून निवल्यावर हेडचे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचे, नट उत्पादकाने सांगितलेल्या क्रमाने पुन्हा तपासायचे, कारण सांध्यात घातलेलं नवं गॅस्केट दबून बसतं.

नवखे लोक गाडीचा स्वभावही दोष समजतात. गिअर खरखरला की गिअरबॉक्स खोलायला निघतात. कॅडिलॅकने १९२८ मध्ये सिंक्रोमेश, म्हणजे गिअरचे वेग आपोआप जुळवणारी रचना, आणली. त्याआधीच्या बहुतेक गाड्यांत डबल क्लच, म्हणजे एका गिअरबदलात दोनदा क्लच, मारायला शिकावंच लागतं. फोर्ड मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात बनली. तिची टाकी बहुतेक गाड्यांत पुढच्या सीटखाली असते आणि पेट्रोल नुसतं उतारानं इंजिनाकडे येतं. टाकीत पेट्रोल कमी असेल तर उभ्या चढावर ते पोहोचत नाही, म्हणून लोक असा चढ रिव्हर्समध्ये चढायचे. त्याच गाडीत पाणीही पंपाशिवाय, उष्णतेनेच फिरतं. वरच्या नळीखाली पातळी गेली की फिरणं थांबतं आणि इंजिन तापतं. तिथे रेडिएटर बदलून काय होणार?

हँडल मारताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवा आणि स्पार्कचा लिव्हर आधी ठिणगी उशिरा पडेल अशा जागी (रिटार्ड) घ्या. इंजिन उलटं फटका देतं तेव्हा हाताचं हाड मोडू शकतं. हे कुणी एकदाच सांगेल.

या कामात यायचं तर थोडं लेथवरचं काम शिकून या. कित्येक भाग बाजारात मिळतच नाहीत, स्वतःच बनवावे लागतात.

त्या पहिल्या गाडीचा कंडेन्सर बदलला आणि ती साठ किलोमीटर न थांबता चालली. मिस्त्री काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी गाडीखाली पेट्रोलचा डाग दिसला. तीनदा उतरवता-चढवताना कार्बोरेटरचं गॅस्केट मीच फाडून ठेवलं होतं.