किड्यांपासून औषधी द्रव्य काढताय? या चुका टाळा

माती खाल्ली जाते ती पहिल्या पाच मिनिटांत. मेणपतंगाच्या अळीला टोचलं की तिच्या रक्ताचा फिकट पिवळा थेंब येतो. तो साध्या नळीत ठेवून पुढच्या अळीकडे वळलात की परत बघेपर्यंत काळवंडायला लागलेला. हवा लागली की फिनॉलऑक्सिडेज हे एन्झाइम मेलॅनिन हे काळं रंगद्रव्य बनवायला लागतं आणि हवी ती प्रथिनं त्यातच अडकतात. काळा नमुना गाळून सुधारत नाही, फेकायचा. नळी आधीपासून बर्फात हवी, तळाशी ते एन्झाइम थोपवणाऱ्या फेनिलथायोयुरियाचे दोन-तीन कण (जहाल विष आहे, हातमोजे घाला). अळ्या एका वेळी पाचच घ्या. पन्नासांची रांग लावणाऱ्याची पहिली नळी हमखास वाया जाते. सुई पोटाकडच्या पायात, अगदी उथळ. खोल गेली की आतडं फुटलंच.

धडधाकट अळीत जिवाणू मारणारं काही सापडत नाही, ही तक्रारही नेहमीची. सापडणार कसं? अळी ते बनवते जिवाणू अंगात शिरल्यावर. १९८१ साली सेक्रोपिन हे जिवाणूनाशक पेप्टाइड (छोटं प्रथिन) मिळालं तेसुद्धा जिवाणू टोचलेल्या पतंगाच्या कोषांतून. उष्णतेने मारलेल्या जिवाणूंत सुई बुडवून टोचा आणि २४ तास थांबा. तीन तासांत नळी घेऊन बसायची घाई कशाला?

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. मिथेनॉल, पाणी, ॲसिटिक ॲसिड ९०:९:१ या प्रमाणात घेऊन अर्क काढला, कागदी चकतीवर टाकला, ती जिवाणू पसरलेल्या प्लेटवर ठेवली, दुसऱ्या दिवशी चकतीभोवती जिवाणू न वाढलेलं सुरेख स्वच्छ वर्तुळ. फोटो निघतात, पेढे वाटून होतात. महिन्याभराने कुणीतरी विचारतं, नुसत्या द्रावकाची चकती कुठाय? ती ठेवली की तिच्याभोवतीही तेवढंच वर्तुळ! जिवाणू आम्लाने मेले होते, अळी बिचारी निर्दोष. अर्क आंबूस वास जाईपर्यंत निर्वातात सुकवा, ०.०१ टक्के ॲसिटिक ॲसिडमध्ये विरघळवा आणि त्याच द्रवाची कोरी चकती त्याच प्लेटवर ठेवा. उलटही होतं: धनभारित पेप्टाइड प्लेटमधल्या साध्या अगारला (जिवाणू वाढवायच्या जेलीला) चिकटून बसतं आणि वर्तुळ उमटतच नाही. तिथे कमी विद्युतभाराचा अगारोज (शुद्ध केलेला अगार) वापरा.

नळ्या पॉलीप्रोपिलिनच्या, पॉलिस्टायरिनला पेप्टाइड चिकटतं.

जिवाणू मेले म्हणजे औषध झालं, असंही नाही. मधमाशीच्या विषातलं २६ अमिनो आम्लांचं मेलिटिन रक्तातल्या तांबड्या पेशीही फोडतं, तेव्हा आपलं द्रव्य त्या फोडतं का, ही चाचणी त्याच आठवड्यात उरका.

आणि द्रव्य किड्याचंच आहे ना, हेही बघा. पेडेरिन हे विषारी द्रव्य मिळवायला पेडेरस जातीचे अडीच कोटी भुंगेरे गोळा केले गेले. ते बनवणारी जनुकं पुढे, २००२ मध्ये, सापडली भुंगेऱ्याच्या अंगातल्या सहजीवी जिवाणूत.