पोस्टग्रेस अपग्रेडला हात घालण्याआधी

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या कोणत्याही मध्यम कारखान्याच्या ऑफिसात जा, एका कोपऱ्यात सर्व्हर गुरगुरत असतो. त्यावर उबंटू ही ऑपरेटिंग सिस्टिम, उबंटूवर पोस्टग्रेस हा डेटाबेस, त्यावर ऑर्डर, सुताचा साठा, बिलं आणि कामगारांची हजेरी. तो बसवणारा मुलगा आता पुण्याला असतो आणि फोन उचलतोच असं नाही. पोस्टग्रेसच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीला साधारण पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. 13 ची मुदत नोव्हेंबर 2025 मध्ये संपली, 14 ची नोव्हेंबर 2026 मध्ये संपते. उबंटू 22.04 सोबत येते ती 14, त्यामुळे यंदा बऱ्याच जणांवर ही पाळी येणार. अपग्रेडची कमांड एका ओळीची आहे. अपग्रेडचं टूल काय सोबत नेतं आणि काय जागेवर सोडतं, हे माहीत करून घेण्यातच खरा वेळ जातो, आणि ही यादी त्यासाठीच आहे.

आधी दिवस ठरवा. मार्चअखेर नको, हे कुणी सांगायला नको. दिवाळीआधीचा माल निघत असतो ते आठवडेही नकोत. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत ऑफिसं निम्मी रिकामी असतात म्हणून भोगी-संक्रांतीचे दिवस अनेकांना सोयीचे वाटतात. माझं मत उलटं आहे. नंदीध्वजांची मिरवणूक शहरातून चालू असताना डिस्क बसली तर नवी डिस्क घेऊन एमआयडीसीपर्यंत यायला कोण मोकळं असणार? कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीची सकाळ धरा. रात्र धरू नका, कारण अडलं तर फोनवर माणूस भेटायला हवा. मालकांना किती वेळ बंद राहणार ते सांगताना तुमच्या अंदाजाच्या दुप्पट सांगा. "तोवर बिलं कागदावर करू की," असं ते म्हणाले, की तारीख पक्की.

मशीनकडे एकदा डोळ्यांनी बघा. लूमच्या शेजारचं ऑफिस असेल तर सर्व्हरच्या पुढच्या जाळीवर सुताची धूळ थर धरून बसलेली असते, पंखा फिरतो पण हवा आत जात नाही. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असताना डंप (सगळा डेटा फाइलीत उतरवणं) आणि इंडेक्स (शोधासाठीची सूची) बांधणीचा भार अशा मशीनवर टाकणं म्हणजे दुखणं ओढवून घेणं. जाळी साफ करून घ्या. यूपीएसची बॅटरी किती मिनिटं टिकते ते प्लग काढून बघा, डब्यावर काय छापलंय त्यावर जाऊ नका. रिकामी जागाही आत्ताच बघा: डेटाच्या किमान दुप्पट मोकळी हवी, बॅकअपची धरून तिप्पट.

आता मुख्य काम. पीजी_एलएसक्लस्टर्स ही कमांड चालवा. आवृत्ती, क्लस्टरचं (एका सर्व्हरखालच्या सगळ्या डेटाबेसांच्या संचाचं) नाव, पोर्ट, चालू की बंद, डेटाचा फोल्डर, लॉगची फाइल, सगळं एका ओळीत दिसतं. ते जसंच्या तसं छापून घ्या, पुढे उपयोगी पडतं. उबंटूत डेटा असतो व्हार खालच्या लिबमध्ये आणि सेटिंगच्या फाइली असतात ईटीसीमध्ये. डेटाचा फोल्डर कॉपी केला म्हणून सेटिंग आल्या असं होत नाही. नुसता डेटाचा फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन 'पूर्ण बॅकअप आहे' म्हणणारे लोक आहेत, त्यांच्याकडे ईटीसीतला भाग मागा.

सेटिंगची मुख्य फाइल उघडून वाचत बसू नका. तिच्यात शेकडो ओळी असतात, बहुतेक शेरा म्हणून बंद केलेल्या, आणि जी ओळ दिसते तीच लागू आहे याची खात्री नसते. कुणीतरी ऑल्टर सिस्टिम ही कमांड वापरून काही बदललं असेल तर ते 'ऑटो' नावाच्या वेगळ्या फाइलीत जातं आणि मुख्य फाइलीवर मात करतं. डेटाबेसलाच विचारा. पीजी_सेटिंग्ज या व्ह्यूमधून ज्या ओळींचा सोर्स 'डिफॉल्ट' नाही तेवढ्या काढा. बहुतेक ठिकाणी वीस-तीस ओळी येतात. पेंडिंग_रिस्टार्ट हा रकानाही सोबत घ्या. तिथे 'खरं' दिसलं तर फाइलीत बदल झालाय पण सर्व्हर अजून जुन्याच किमतीवर चाललाय. असा बदल अपग्रेडच्या रीस्टार्टला पहिल्यांदा लागू होतो आणि दोष नव्या आवृत्तीच्या डोक्यावर जातो.

त्या वीस-तीस ओळींपुढे पेनानं कारण लिहा. हे का बदललं? कुणी सांगितलं? कारण सापडत नसेल तर नव्या सर्व्हरवर ती ओळ नेऊ नका, डिफॉल्टवर राहू द्या. याला अपवाद दोनच: कनेक्शनची मर्यादा आणि कोणत्या पत्त्यावर ऐकायचं ते. ही दोन्ही गेली तर सोमवारी सकाळी गोडाऊनमधला कॉम्प्युटर जोडलाच जाणार नाही. आणि एफसिंक (लिहिलेलं खरंच डिस्कवर पोचलं याची खात्री करणारं सेटिंग) बंद केलेला दिसला तर अपग्रेड बाजूला ठेवून आधी तो चालू करा. वेग वाढतो म्हणून कुणीतरी तो बंद करून ठेवतो, मग लाइट गेली आणि यूपीएसनं मान टाकली की फाइली अर्धवट लिहिलेल्या राहतात. अशा डेटाचं अपग्रेड करण्याआधी तो शाबूत आहे का, हे पूर्ण डंप घेऊनच कळतं.

जुनी फाइल उचलून नव्या जागी ठेवायचा मोह होतोच. ते करू नका, आणि कारण नेमकं आहे. उबंटूच्या 14 च्या फाइलीत स्टॅट्स_टेम्प_डायरेक्टरी ही ओळ पॅकेजनंच चालू ठेवलेली असते. पोस्टग्रेस 15 पासून हे सेटिंग काढून टाकलंय. नव्या सर्व्हरला अनोळखी नाव दिसलं की तो इशारा देऊन पुढे जात नाही, सुरूच होत नाही. म्हणजे आपण काहीही न बदललेली फाइलसुद्धा पुढच्या आवृत्तीला चालत नाही. डेबियन-उबंटूचं पीजी_अपग्रेडक्लस्टर हे टूल फाइल नेताना अशा जुन्या ओळी स्वतः बंद करतं. पोस्टग्रेसचं मूळ पीजी_अपग्रेड मात्र सेटिंगच्या फाइलींना हातच लावत नाही. दोघांच्या नावात एवढं साम्य आहे की इंटरनेटवरच्या सूचना वाचताना कोणाबद्दल चाललंय ते दर वेळी तपासा.

मेमरीचे आकडे या निमित्तानं नव्यानं ठरवून घ्या. शेअर्ड बफर्सचं डिफॉल्ट 128 एमबी आहे. मशीन फक्त डेटाबेससाठी असेल तर रॅमच्या पाव भागापासून सुरुवात करा, म्हणजे 16 जीबीला 4. वर्क मेमचं डिफॉल्ट 4 एमबी, आणि ते दर कनेक्शनला नसून दर सॉर्टला किंवा हॅशला लागतं. एकाच क्वेरीत ते चार-पाचदा लागू शकतं, म्हणून 256 वगैरे टाकून मोकळं होऊ नका. एसएसडी असेल तर रँडम पेज कॉस्ट 4 वरून 1.1 च्या आसपास आणा. पीजीट्यूनसारखी गणकं रॅम आणि डिस्क विचारून आकडे काढून देतात. सुरुवातीला ठीक आहेत. त्याच मशीनवर टॅलीचा व्हर्च्युअल बॉक्स आणि सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंगही चालतं हे त्यांना कुठून माहीत असणार, म्हणून रॅम विचारतील तिथे डेटाबेसच्या वाट्याची रॅमच भरा.

यानंतर कोण कुठून आत येतो ते, म्हणजे एचबीए फाइल. इथे सगळ्यात जास्त आरडाओरडा होतो. पोस्टग्रेस 14 पासून नवे पासवर्ड स्क्रॅम पद्धतीनं साठवले जातात, त्याआधी एमडी5 होतं. जुने पासवर्ड अपग्रेडमध्ये जुन्याच रूपात येतात. एचबीए फाइलीत एमडी5 लिहिलेलं असेल तर दोन्ही चालतात. तिथे स्क्रॅम लिहिलं की जुन्या रूपातला पासवर्ड बरोबर असूनही नाकारला जातो. याची दुसरी बाजू क्लायंटची. गोडाऊनमधल्या विंडोज 7 च्या कॉम्प्युटरवर जुना ओडीबीसी ड्रायव्हर (बिलाच्या प्रोग्रामला डेटाबेसशी जोडणारा) असेल तर त्याला स्क्रॅम कळत नाही. 'ऑथेंटिकेशन टाइप 10' असा काहीतरी मेसेज येतो आणि बिल करणाऱ्या बाई म्हणतात, "पासवर्ड बदलला का ओ तुम्ही?" म्हणून अपग्रेडच्या आठवडाभर आधी एकेका कॉम्प्युटरपाशी जाऊन ड्रायव्हरची आवृत्ती टिपा आणि आधी ड्रायव्हर बदला. नवे ड्रायव्हर जुन्या सर्व्हरशी बोलतात, उलटं होईलच असं नाही. पोस्टग्रेस 18 मध्ये एमडी5 कालबाह्य ठरवलंय, त्यामुळे हे काम टाळून फार दिवस निघणार नाहीत.

नावं देवनागरीत असतील तर क्रमवारी बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. मजकुराचा क्रम पोस्टग्रेस बहुधा ऑपरेटिंग सिस्टिमच्या जीलिबसी या लायब्ररीकडून घेतं, आणि इंडेक्स त्याच क्रमानं बांधलेला असतो. जीलिबसी 2.28 मध्ये हे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. उबंटू 18.04 वरून 20.04 किंवा पुढे आलेल्या मशीनवर मजकुराचे इंडेक्स पुन्हा बांधले नसतील तर नाव टेबलात असून शोधात सापडत नाही, किंवा एकच नाव दोनदा नोंदलं जातं. सी हा साधा लोकेल (भाषेचे आणि क्रमाचे नियम) घेतला तर हा त्रास नाही, पण मग युनिकोडच्या क्रमानं ळ हा ल आणि व यांच्या मधे येतो. कालवे, काळे, कावळे अशी यादी येते, आणि वर्णमालेनं जाणाऱ्या हिशेबनिसाला काळे शेवटी हवे असतात. कामगारांची दोनेकशे नावं टेस्ट सर्व्हरवर टाकून यादी छापा, ज्यांना ती रोज वाचायची त्यांना दाखवा आणि लोकेल ठरवा. डेटाबेस बनल्यावर त्याचा मूळ लोकेल सहज बदलता येत नाही.

बॅकअप दोन घ्या. एक डेटाबेसचा पीजी_डंप, आणि दुसरा पीजी_डंपऑलमधून फक्त ग्लोबल्स, कारण युजर आणि त्यांचे पासवर्ड पहिल्यात येत नाहीत. ईटीसीतला पोस्टग्रेसचा फोल्डर सोबत. हे सगळं दुसऱ्या मशीनवर नेऊन तिथे नवी आवृत्ती बसवा आणि डंप उघडून बघा. हीच रंगीत तालीम. वेळ किती लागतो ते कळतं, कोणतं एक्स्टेन्शन राहिलं ते कळतं. पोस्टजीआयएससारखं एक्स्टेन्शन वापरत असाल तर नव्या आवृत्तीचं त्याचं पॅकेज वेगळं बसवावं लागतं.

कुठल्या आवृत्तीवर जायचं? मधल्या पायऱ्या घ्याव्या लागत नाहीत, 14 वरून सरळ 18 वर जाता येतं. 18 मध्ये एक बदल लक्षात ठेवा: नवा क्लस्टर बनवताना डेटा चेकसम (डिस्कवर डेटा बिघडला तर ते पकडणारे आकडे) आपोआप चालू होतात. पूर्वी ते मागावे लागत, म्हणून जुन्यात बहुधा नसतात, आणि पीजी_अपग्रेडला दोन्हीकडे सारखं लागतं. जुना सर्व्हर थांबवून पीजी_चेकसम्सनं तिथे चालू करा, नाहीतर नवा क्लस्टर चेकसमशिवाय बनवा. पहिला मार्ग बरा, फक्त तो प्रत्येक ब्लॉक पुन्हा लिहितो, म्हणून त्याचा वेळ धरा.

पद्धत कोणती ते पीजी_अपग्रेडक्लस्टरला स्वतः सांगा, डिफॉल्टवर सोडू नका. डेटा दहा-वीस जीबीच्या आत असेल तर मी डंप पद्धत घ्या म्हणेन. वेळ थोडा जास्त जातो, पण इंडेक्स नव्यानं बांधले जातात, त्यामुळे वरचा जीलिबसीचा प्रश्नही निकालात निघतो. लिंक पद्धत मिनिटांत उरकते, कारण ती फाइली कॉपी न करता त्याच फाइलींना दुसरं नाव देते. पण नवा सर्व्हर एकदा सुरू झाला की जुना सुरक्षितपणे वापरता येत नाही. मागे फिरायचा रस्ता मग फक्त बॅकअप. कारखान्याच्या डेटासाठी तेवढी घाई कशाला?

एक जागा फार जपा. नवं पॅकेज बसवताच उबंटू 'मेन' नावाचा रिकामा क्लस्टर बनवतो आणि त्याला 5433 पोर्ट देतो. अपग्रेडला तेच नाव हवं असतं, म्हणून आधी हा रिकामा क्लस्टर पीजी_ड्रॉपक्लस्टरनं उडवावा लागतो. त्या कमांडमध्ये आवृत्तीचा आकडा हाच काय तो फरक: 18 लिहिलं तर रिकामा जातो, 14 लिहिलं तर कारखाना जातो. छापलेला कागद समोर धरा, कमांड टाइप करा, एंटर मारण्याआधी दुसऱ्या माणसाला आकडा मोठ्यानं वाचायला सांगा. पॅकेज बसवण्याआधी क्रिएटक्लस्टरच्या फाइलीत 'क्रिएट मेन क्लस्टर' फॉल्स करून ठेवलं तर ही वेळच येत नाही.

मायएसक्यूएलवाल्यांचं काम इथे हलकं आहे. 8.0.16 पासून नवा सर्व्हर सुरू होताना अपग्रेड स्वतःच करतो, आणि त्याआधी मायएसक्यूएल शेलमधला अपग्रेड चेकर चालवून अडचणींची यादी मिळते. वरचं दिवस, धूळ आणि बॅकअपचं प्रकरण त्यांनाही चुकत नाही.

अपग्रेड झाल्यावर पीजी_एलएसक्लस्टर्स पुन्हा. नव्याकडे 5432 आला का, जुना दुसऱ्या पोर्टवर जाऊन 'डाउन' आहे का, ते कागदाशी ताडून बघा. मग व्हॅक्यूमडीबीनं सगळ्या डेटाबेसचं अॅनालाइझ, म्हणजे टेबलांची आकडेवारी नव्यानं गोळा करणं. हे राहिलं तर क्वेरीचा अंदाज चुकतो, दोन सेकंदांचा रिपोर्ट दोन मिनिटं घेतो आणि सगळे म्हणतात जुनंच बरं होतं. पीजी_अपग्रेडनं 18 वर गेलात तर बहुतेक आकडेवारी सोबत येते, डंपनं गेलात तर येत नाही. सुट्टीच्याच दिवशी एक बिल, एक चलन, एक हजेरीचा रिपोर्ट काढून छापा.

जुना क्लस्टर पुढची महिनाअखेर पार पडेपर्यंत उडवू नका, आणि त्याचं पॅकेजही ठेवा. ऑटोरिमूव्ह चालवताना काय काढतोय ते वाचा. शेवटी क्रॉनमधली (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांतली) बॅकअपची स्क्रिप्ट उघडा. तिच्यात 14 च्या फोल्डरातल्या पीजी_डंपचा पूर्ण पत्ता लिहिलेला असेल तर तो 18 च्या सर्व्हरचा डंप घ्यायला नकार देतो आणि मागे शून्य बाइटची फाइल राहते. दुसऱ्या मशीनवरून बॅकअप ओढत असाल तर तिथलाही क्लायंट बदला. दुसऱ्या दिवशी सकाळी फाइलीचा आकार कालच्या शेजारी ठेवून बघा.