झाकणं लावायचं मशीन दारात येण्याआधी

मशीन पंधरा दिवसांत येणार असेल, तर आधी एक बाटली आणि एक झाकण हातात घ्या. कोकम सरबत असो की आवळा सिरप, लहान उद्योगात घोळ बहुधा इथेच होतो. पेट बाटलीचं तोंड सगळे ‘२८ चं’, म्हणजे २८ मिलिमीटरचं, म्हणून सांगतात, पण त्यात १८१० आणि १८८१ अशा नंबरच्या दोन जाती सर्रास मिळतात. १८१० ची मान सुमारे २१ मिलिमीटर उंच, १८८१ ची १७. एकीचं झाकण दुसरीला धड बसत नाही. आमच्याकडे एकदा अशी भेसळ गोणी आली. बायका हाताने दाबून, फिरवून वेळ मारून नेत होत्या. मशीन तसं करत नाही, वाकडं झाकण तसंच आवळतं. म्हणून बाटलीवाला आणि झाकणवाला, दोघांकडून मानेचा नंबर लेखी घ्या.

मग आपल्याच मालाच्या शे-दोनशे भरलेल्या बाटल्या आणि झाकणं मशीनवाल्याकडे चाचणीला पाठवा. रिकाम्या नकोत; रिकामी बाटली पट्ट्यावर डुलते आणि चकात, म्हणजे झाकण धरून फिरवणाऱ्या भागाखाली, दबते, त्यावरून काही कळत नाही. झाकणाबरोबर बाटलीही फिरते का, लेबल खरवडतं का, झाकणाखालची सीलची कडी आवळतानाच तुटते का, एवढं नीट बघून घ्या.

किती आवळायचं? ढोबळ हिशेब असा, की झाकणाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या निम्मे इंच-पाउंड जोर. म्हणजे २८ ला १४, सुमारे १.६ न्यूटन-मीटर. हा अंदाज, खरा आकडा झाकणवाल्याकडून घ्या. आवळल्यावर प्लॅस्टिक सैलावतं, त्यामुळे उघडायला लागणारा जोर दुसऱ्या दिवशी कमी भरतो. म्हणून हा जोर मोजणारा टॉर्क मीटर हवाच, आणि मोजणी लगेच एकदा, २४ तासांनी पुन्हा. पैसे वाचवायला मीटर वगळतात ते मला कधी पटलेलं नाही.

वीज सिंगल फेज लागते की थ्री, अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून आधीच उरकून घ्या. मशीनला दाबाची हवा देणाऱ्या कॉम्प्रेसरकडे मात्र जरा जास्त लक्ष द्या: कोकणात पावसाळ्यात टाकीत बघता बघता पाणी साचतं, ते रोज सकाळी सोडायचं आणि लाइनवर पाणी अडवणारा फिल्टर बसवायचा. जमीन पाणसळीने तपासा. चकाचे रबर, सेन्सर, पट्टा, ॲलन कीचा सेट मशीनबरोबरच मागून घ्या. नंतर कुरिअरची वाट बघत बसावं लागतं. चालवणाऱ्याच्या हातात बांगड्या नकोत, ओढणी खोचलेली हवी, आणि मशीन झटकन थांबवायचं लाल बटण कुठे आहे ते पहिल्याच दिवशी दाबून दाखवा.

आट्यांवर सांडलेलं सिरप पुसायला एक माणूस ठेवा. साखर वाळली की झाकण असं धरतं की गिऱ्हाईक फडकं घेऊन झटतं.

पहिल्या दिवशीच्या वीस-पंचवीस बाटल्या रात्रभर रद्दी पेपरावर उलट्या उभ्या करा. कोकम असेल तर सकाळी शोधावं लागत नाही. ज्या बाटलीखाली लाल गोल उमटलाय, तीच गळकी.