स्पर्धेतील डावाची सुरुवात कशी तपासावी

बुद्धिबळाचा डाव संपताच खेळाडू चाली संगणकात भरतात, आणि इंजिनाने, म्हणजे चाली तपासणाऱ्या संगणक-प्रणालीने, दाखवलेली चूक पाहून तपासणी झाली असे समजतात. माझ्या मते सुरुवात तपासताना आधी चूक शोधू नये. पाठ केलेल्या चाली कुठे संपल्या आणि स्वतःचा विचार कुठे सुरू झाला, ती जागा शोधावी.

ही जागा स्कोअरशीटवरच, म्हणजे डावाच्या चाली लिहिण्याच्या कागदावरच, सापडते. चालींबरोबर घड्याळातील वेळ नोंदवण्यास फिडेच्या (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या) नियमांची परवानगी आहे, म्हणून दर तीन-चार चालींनी उरलेला वेळ लिहीत जावे. पहिल्या सहा चाली दोन मिनिटांत आणि सातवीला तब्बल पंधरा मिनिटे लागली असतील, तर अभ्यास तिथून सुरू करावा.

उदाहरण म्हणून इटालियन पद्धतीच्या सुरुवातीतील दोन घोड्यांचा बचाव घेऊ (अक्षर-आकडा म्हणजे पटावरचे घर, × म्हणजे मारणे; मोहऱ्याचे नाव नसेल तर चाल प्याद्याची): १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट सी४ घोडा एफ६ ४. घोडा जी५ डी५ ५. ई×डी५. येथे काळ्याचा हात सहज घोडा×डी५ कडे जातो, कारण प्यादे परत मिळते. पण ६. घोडा×एफ७ राजा×एफ७ ७. वजीर एफ३ शह, यानंतर डी५ वरचा घोडा वाचवण्यासाठी राजाला ई६ वर, म्हणजे पटाच्या ऐन मध्यावर यावे लागते. ८. घोडा सी३ खेळताच त्या जखडलेल्या (हलला तर राजा उंटाच्या माऱ्यात येईल अशा) घोड्यावर तिसरा मारा होतो. म्हणूनच पाचव्या चालीला घोडा ए५ ही मुख्य चाल मानली जाते: ६. उंट बी५ शह सी६ ७. डी×सी६ बी×सी६ ८. उंट ई२ एच६ ९. घोडा एफ३ ई४. काळ्याकडे एक प्यादे कमी असते, परंतु पांढऱ्याचा उंट आणि घोडा दोघांनाही हुसकावून त्याने चालींच्या हिशेबात वेळ कमावलेला असतो. हे 'का' कळले की घोडा पटाच्या कडेला जाणे खटकत नाही, आणि चाल विसरली तरी पटावर पुन्हा शोधता येते.

तेव्हा इंजिन सुरू करण्यापूर्वी त्या चालीच्या वेळी मनात आलेले पर्याय आणि ती निवडण्याचे कारण, चुकीचे वाटले तरी, जसेच्या तसे वहीत उतरवावे. इंजिनाचे उत्तर त्याच्याशेजारी लिहावे आणि दोन्हींत फरक का पडला हे एका वाक्यात मांडता येईपर्यंत पुढच्या चालीकडे वळू नये. शेवटी तीच स्थिती पटावर मांडून सोबत्याबरोबर दोन्ही बाजूंनी दोन-तीन डाव खेळावेत.