कंपनी काढायला आलेला माणूस काय विचारतो: नव्या सीएस ट्रेनींसाठी

सीएसची, म्हणजे कंपनी सेक्रेटरीची, परीक्षा देऊन ट्रेनिंगला येणाऱ्या मुलामुलींना कंपनी कायदा, 2013 ची कलमं तोंडपाठ असतात. पण समोर नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतला कारखानदार येऊन बसला की तो कलम विचारत नाही. तो म्हणतो, "मॅडम, कंपनी माही, पैसा माहा, मग हिशोब मलेच काऊन विचारून राहिले?" त्याला याचं उत्तर पटेल असं देता आलं, की आपलं निम्मं काम झालं.

उत्तर असं, की शेअर त्याचे आहेत, कंपनी त्याची नाही. कायद्याच्या नजरेत ती वेगळी व्यक्ती आहे. हेच सांगणारा 1897 चा सॉलोमनचा निकाल तुम्ही वाचलेला असतो, पण पक्षकाराला मी मकौराचा खटला सांगते. उत्तर आयर्लंडमधल्या या जमीनदाराने आपल्या इस्टेटीवरचं सगळं लाकूड स्वतःच्याच कंपनीला विकलं, विमा मात्र स्वतःच्या नावावर ठेवला. लाकूड जळालं. विमा कंपनीने पैसे नाकारले आणि 1925 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ते बरोबर ठरवलं: लाकूड कंपनीचं होतं, मकौराचं नव्हतं. लकडगंजातल्या सागवानाच्या व्यापाऱ्याला ही गोष्ट दोन मिनिटांत कळते. पॉलिसी, गोदामाचा करार, ट्रकचं आरसी बुक कुणाच्या नावावर आहे ते तो घरी जाऊन स्वतःच तपासतो. म्हणून नव्या कंपनीच्या फाइलवर बसलात की आधी हीच यादी करा. प्रोप्रायटरशिपची, म्हणजे एकट्याच्या मालकीच्या धंद्याची, कंपनी झाली तरी विमा जुन्याच नावावर राहिलाय, असं फार ठिकाणी सापडतं.

प्रायव्हेट लिमिटेड काढावी की एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी), हा प्रश्न लोकांना वाटतो तितका अवघड नसतो. नवरा-बायको मिळून सल्ल्याचा किंवा डिझाइनचा व्यवसाय करणार असतील आणि बाहेरचा गुंतवणूकदार येणार नसेल, तर मी एलएलपी सुचवते. तिथे उलाढाल 40 लाखांच्या किंवा भागीदारांचं भांडवल 25 लाखांच्या वर गेल्यावरच ऑडिट सक्तीचं होतं. कंपनीला एक रुपयाची विक्री नसली तरी ऑडिट करावंच लागतं. गुंतवणूकदार घ्यायचा असेल तर मात्र प्रायव्हेट लिमिटेडच. एक लाखाच्या किमान भांडवलाची अट 2015 मध्येच गेली, तरी लोक अजून विचारतात.

पैशांच्या प्रश्नांवर मात्र वेळ द्या, कारण खरी भांडणं तिथेच होतात. मुलीच्या लग्नासाठी कंपनीच्या खात्यातून पाच लाख काढले, असं कुणी सहज सांगून जातं. संचालकाला कर्ज द्यायचं म्हटलं की कलम 185 आडवं येतं. खाजगी कंपनीला सूट आहे, पण अटींसह, आणि त्या पाळल्या जातात का हे तपासावं लागतं. पगार, लाभांश, कंपनीने वापरलेल्या त्याच्या जागेचं भाडं, हे सरळ रस्ते आहेत. त्यांवर कर बसतो, म्हणून लोक ते टाळतात. पैसा आत येतानाही तसंच. संचालकाने स्वतःचे पैसे कंपनीला दिले तर ते उसने आणलेले नाहीत असं लेखी घ्यायचं. संचालकाच्या नातेवाइकालाही त्याच अटीवर पैसे देता येतात. पण मित्राने "राहू दे तुझ्या धंद्यात" म्हणून दहा लाख कर्जाऊ टाकले, तर ते ठेव ठरू शकतं, आणि ठेवींचे नियम लहान कंपनीला पेलणारे नाहीत. 30 जूनला डीपीटी-3, म्हणजे ठेवी आणि कर्जांची माहिती देणारा फॉर्म, भरताना हे उघड होतंच. त्याआधी विचारलेलं बरं.

"मर्यादित जबाबदारी म्हणजे माझं घर सुरक्षित ना?" बँकेला वैयक्तिक हमी सही करून दिली नसेल तर बऱ्याच अंशी हो. पण लहान कंपनीला कर्ज देताना बँक संचालकांची हमी मागतेच. हे न सांगता "लिमिटेड आहे, काळजी नको" म्हणणं मला चुकीचं वाटतं.

दोन मित्र येतात आणि 50-50 म्हणतात. त्यांना तेव्हाच विचारा: मतभेद झाला तर कोणाचं चालणार? साधा ठराव निम्म्याहून जास्त मतांनी होतो, म्हणजे अर्ध्या-अर्ध्यात काहीच मंजूर होत नाही. एकाने अंग काढून घेतलं तर त्याचे शेअर कोण घेणार, किंमत कशी ठरणार, हे आर्टिकल्समध्ये, म्हणजे कंपनीच्या अंतर्गत नियमांत, लिहून ठेवा. छापील नमुना जसाच्या तसा चिकटवू नका. भांडण एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांचे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणात, गेलं तर नागपूरहून मुंबईच्या चकरा सुरू होतात.

कंपनी नोंदणीचा स्पाइस प्लस फॉर्म मंजूर झाला की प्रमाणपत्रासोबत पॅन आणि टॅनही (टीडीएससाठीचा क्रमांक) येतो, आणि माणसाला वाटतं सगळं आटोपलं. पहिला ऑडिटर 30 दिवसांत नेमायचा असतो. भागधारकांनी कबूल केलेलं भांडवल खात्यात जमा करून 180 दिवसांत धंदा सुरू करण्याच्या घोषणेचा आयएनसी-20ए फॉर्म भरायचा असतो. तो राहिला तर कंपनीला 50,000 रुपये दंड होऊ शकतो. ऑफिसबाहेर नाव-पत्त्याची पाटी हवी, आणि ती फक्त इंग्रजी लिपीत असून भागत नाही. कलम 12 प्रमाणे स्थानिक भाषेच्या लिपीतही नाव हवं, म्हणजे नागपुरात देवनागरीत.

डिजिटल सहीचे टोकन कन्सल्टंटच्या ड्रॉवरमध्ये, पक्षकाराच्या नावाची चिठ्ठी लावून, पासवर्डसकट ठेवलेले तुम्हाला दिसतील. याला सोय म्हणतात, पण मला ही पद्धत मान्य नाही. ती त्या माणसाची सही आहे. त्याला समोर बसवा, फॉर्म वाचून दाखवा, मग सही घ्या. मागच्या तारखेचं इतिवृत्त लिहायला कुणी सांगितलं तर नम्रपणे नाही म्हणा, मग ते सीनियरने सांगितलेलं का असेना.

शेवटी येतो तो धंदा न चाललेला माणूस. "काहीच केलं नाही, मग भरायचं काय?" एओसी-4 (हिशेबाचा फॉर्म) आणि एमजीटी-7ए (वार्षिक विवरण) तरीही भरावे लागतात. उशिराचं शुल्क प्रत्येक फॉर्ममागे रोज 100 रुपये, म्हणजे दोन्ही वर्षभर राहिले तर 73,000. सलग तीन वर्षं राहिले तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र, दुसऱ्या चालू कंपनीतही त्याची अडचण होते. 2017 मध्ये सरकारने दोन लाखांहून जास्त कंपन्या नोंदवहीतून काढल्या, तेव्हा अनेकांना आपण अपात्र झाल्याचं नंतर कळलं. अशा माणसाला ओरडू नका, तो आधीच खचलेला असतो. थकलेले फॉर्म आधी भरून घ्या, देणी फेडून बँक खातं बंद करायला सांगा, आणि मग कंपनीचं नाव नोंदवहीतून काढण्याचा अर्ज, एसटीके-2, टाका.