टर्बो डिझेल ट्रकचे इंधन ट्यूनिंग : कंपनीच्या सेन्सरवर काम करताना या चुका टाळा

भरलेली गाडी घाटात ओढत नाही, अशी तक्रार घेऊन कॉमन रेल इंजिनाचा (एकाच सामायिक नळीतून सर्व इंजेक्टरना दाबाखालचे डिझेल मिळणारा) ट्रक गॅरेजमध्ये आला, की पुष्कळदा पहिला सल्ला मिळतो तो रिमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या संगणकातले डिझेलचे तक्ते (मॅप) बदलून, डिझेल वाढवण्याचा. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीत पंपवाला स्क्रू फिरवून डिझेल वाढवत असे आणि त्याचा परिणाम लगेच धुरात दिसत असे. कॉमन रेल इंजिनात मात्र किती डिझेल, कधी आणि किती दाबाने सोडायचे हे ईसीयू (इंजिनाचा संगणक) सेन्सरच्या आकड्यांवरून ठरवतो, त्यामुळे सेन्सर चुकीचे सांगत असेल तर मॅप कितीही कौशल्याने बदलला तरी इंजिन बिघडलेल्या आकड्यांवरच चालते. म्हणूनच सेन्सरची खातरजमा न करता लॅपटॉप उघडणे, ही या कामातली पहिली आणि सर्वांत महाग पडणारी चूक आहे.

ही खातरजमा करायला मोठी साधने लागत नाहीत. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीला सकाळी चावी लावावी, इंजिन सुरू न करता स्कॅनरवर लाइव्ह डेटा पाहावा. कूलंट, आत येणारी हवा आणि डिझेल यांची तापमाने एकमेकांच्या दोन-चार अंशांच्या आत असली पाहिजेत. मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा पोहोचवणाऱ्या नळीतला) दाब दाखवणाऱ्या मॅप सेन्सरने (याचा डिझेलच्या मॅपशी संबंध नाही) त्या जागेचा वातावरणीय दाब दाखवला पाहिजे, म्हणजे मुंबईत सुमारे 100 किलोपास्कल, पुणे किंवा लोणावळ्यात सुमारे 94 ते 95, महाबळेश्वरला सुमारे 86. पुण्यात उभ्या असलेल्या गाडीत हाच आकडा 105 किंवा 85 दिसला, तर डिझेलच्या मॅपकडे वळण्याआधी सेन्सर काढून पाहावा, कारण ईजीआरमधून (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेतून) आलेली तेलकट काजळी त्याच्या टोकावर साचलेली असण्याची शक्यता मोठी असते.

दुसरी चूक म्हणजे हवेची कमतरता ही डिझेलची कमतरता समजणे. डिझेल पूर्ण जळण्यासाठी वजनाने साधारण साडेचौदा पट हवा लागते, पण सिलिंडरमध्ये दोन्हींचे मिश्रण एकसारखे होत नसल्याने धूर टाळायचा तर पूर्ण लोडवरही हे प्रमाण अठराच्या आसपास किंवा त्याहून वर ठेवावे लागते. समजा, एका सिलिंडरला एका खेपेला 1000 मिलिग्रॅम हवा मिळते, तर अठराच्या हिशेबाने ईसीयू सुमारे 55 मिलिग्रॅम डिझेल देऊ शकतो. टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा होस क्लॅम्पपाशी फाटला आणि हवा 850 वर आली, की मॅप सेन्सरवर चालणारा ईसीयू धूरमर्यादेच्या तक्त्याप्रमाणे डिझेल 47 पर्यंत खाली आणतो आणि चालकाला पिकअप कमी झाल्याचे जाणवते. अशा वेळी कोणी तो तक्ताच वाढवून पुन्हा 55 मिलिग्रॅम देऊ लागला, तर प्रमाण सुमारे 15 वर घसरते, काळा धूर सुटतो आणि मूळ गळती तशीच राहते.

ज्या गाडीत हवेचे वजन मोजणारा एमएएफ सेन्सर आहे, तिथे गळतीचे रूप वेगळे असते. हा सेन्सर टर्बोच्या आधी बसतो, म्हणून पुढे गळून गेलेली हवाही तो हिशेबात धरतो. परिणामी ईसीयू त्या हवेसाठीही डिझेल देतो आणि डिझेलच्या मॅपला हात न लावताही गाडी काळा धूर ओकू लागते. याउलट एमएएफवर धूळ किंवा तेल बसले तर तो हवा कमी दाखवतो, धूर होत नाही, पण ताकद जाते. ही दोन लक्षणे वेगळी ओळखता आली तर निम्मे निदान झाले, असे माझे मत आहे. होसच्या सांध्यांवर तेलाचा ओला काळपट ओघळ दिसतो का ते बघणे आणि साबणाचे पाणी लावून हवेच्या दाबाने गळती शोधणे, ही दोन्ही कामे रिमॅपच्या आधीची आहेत.

तिसरी चूक आकड्यांच्या गोंधळातून होते. बूस्ट गेज वातावरणाच्या वरचा दाब दाखवतो, तर मॅप सेन्सर निरपेक्ष (वातावरणाच्या दाबासकट एकूण) दाब मोजतो, म्हणजे समुद्रसपाटीवर 1.5 बार बूस्ट हा सेन्सरच्या लेखी 2.5 बार असतो. सेन्सरची कमाल मर्यादाच 2.5 बार असेल आणि टर्बोचा बूस्ट 1.8 बारपर्यंत वाढवला, तर त्यापुढचा दाब सेन्सरला दिसतच नाही, लॉगमध्ये रेषा वरच्या टोकाला सपाट होते आणि ईसीयूला टर्बो आवरता येत नाही. लॉगमध्ये अशी सपाट रेषा दिसली, की बूस्ट वाढवणे तिथेच थांबवावे. घाटमाथ्यावर तेवढाच निरपेक्ष दाब निर्माण करायला टर्बोला अधिक वेगाने फिरावे लागते, हेही विसरू नये.

रेल प्रेशर सेन्सरच्या वायरमध्ये बसवले जाणारे तयार ट्यूनिंग बॉक्स मला सर्वांत घातक वाटतात, कारण ते सेन्सरला खोटे बोलायला लावतात. शून्य बारला 0.5 व्होल्ट आणि 1800 बारला 4.5 व्होल्ट देणाऱ्या सेन्सरचा हिशेब केला, तर एक व्होल्ट म्हणजे 450 बार होतात. बॉक्सने फक्त 0.3 व्होल्ट कमी करून दाखवले, तर स्कॅनरवर 1600 दिसत असताना रेलमध्ये प्रत्यक्षात 1735 बार असतात. पंप, इंजेक्टर आणि रिलीफ व्हॉल्व्ह हा जादा दाब सोसतात, आणि त्याची नोंद कुठेच होत नाही.

लोडवर रेलचा प्रत्यक्ष दाब अपेक्षित दाबाच्या खाली जात असेल, तर आधी डिझेल फिल्टर बदलावा. इंजेक्टर बदलला असेल, तर त्यावर छापलेला दुरुस्ती कोड स्कॅनरने ईसीयूत भरलेला आहे का ते तपासावे, कारण तो न भरल्यास सिलिंडरागणिक डिझेल कमी-जास्त पडते.

सायलेन्सरमधल्या वायूच्या तापमानाबाबतही फसगत होते. बऱ्याच गाड्यांमध्ये कंपनीचा सेन्सर टर्बोच्या नंतर बसवलेला असतो आणि पूर्ण लोडवर टर्बोच्या आधीचे तापमान त्यापेक्षा शंभर अंश किंवा त्याहूनही अधिक असू शकते. त्यामुळे लॉगमधला आकडा सुरक्षित दिसतो म्हणून डिझेल वाढवत नेणे योग्य नाही.

चाचणी मोकळ्या गाडीने गॅरेजबाहेरच्या रस्त्यावर घेऊ नये. खोपोलीहून खंडाळ्याकडे किंवा कसाऱ्याहून इगतपुरीकडे, परवानगीच्या मर्यादेतला माल भरून, एकाच गिअरमध्ये चढ चढताना बूस्ट, रेल दाब, हवेचे तापमान आणि डिझेलचे प्रमाण यांचे अपेक्षित व प्रत्यक्ष आकडे सोबत नोंदवावेत, आणि एका वेळी एकच बदल करून तोच चढ पुन्हा चढावा. 1 एप्रिल 2020 पासून नोंदल्या जाणाऱ्या बीएस 6 गाड्यांत डीपीएफ (धुरातली काजळी गाळणारा फिल्टर) किंवा नॉक्स (नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा) सेन्सर बंद करून हे काम करू नये. शिवाय मोटार वाहन अधिनियम 1988 च्या कलम 52 नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांहून वेगळे होतील असा बदल गाडीत करता येत नाही, हे मालकाला काम हाती घेण्याआधीच स्पष्ट सांगावे.