कोकणात गरवायला बोट बुक करताय? आधी हे विचारून घ्या

दिवाळी झाली की कोकणातल्या गरवायच्या, म्हणजे गळाने मासे धरायच्या फिशिंग ट्रिपच्या रील्स सुरू होतात आणि मग लोक काय करतात, आधी हॉटेल बुक, मग गाडी, आणि तारकर्लीला पोचल्यावर संध्याकाळी होडीवाल्याला विचारतात, उद्या दहाला नेशील का. हे उलटं करा राव. आधी भरती बघा, मग तारीख ठरवा, हॉटेल काय मिळतंच.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, खाडीत पाण्याला एवढी ओढ की दोरीला बांधलेलं शिसं तळाला टिकत नाही, पाणीही गढूळ. अष्टमीकडे भांग, तेव्हा पाणी अगदीच मंद. मला विचाराल तर मधले दिवस बरे, पाणी चालू पाहिजे पण दोरी वाहून नेणारं नको. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे जाते. मुंबई-अलिबागकडचे जुने लोक तिथीची पाऊणपट करतात, म्हणजे अष्टमीला आठची पाऊणपट सहा, सहाच्या आसपास पूर्ण भरती. मालवणला ती याच्याआधी येते, त्यामुळे तिथली वेळ तांडेलालाच (बोट चालवणाऱ्यालाच) विचारा. आणि शक्यतो पहाटे निघा, कारण दुपारी खारा वारा सुटला की छोटी बोट नुसती आपटत राहते.

सीझन म्हणाल तर ऑक्टोबर ते मे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, त्या दिवसांत कुणी बाहेर नेतो म्हणाला तर ॲडव्हान्स देऊच नका. ऑगस्टमध्ये बंदी उठली तरी समुद्र शांत झालेला नसतो.

आता ट्रिप कसली आहे ते नीट विचारा. खाडीतली की बाहेरची? पहिल्यांदा जाणाऱ्याने, त्यात बरोबर पोरं असतील तर खाडीच घ्यावी, देवबागला कर्ली खाडी समुद्राला मिळते तिथे तांबोशी, चोणक (रायगडात यालाच जिताडा म्हणतात, लोक त्यासाठी वेडे असतात) लागू शकतात आणि कंटाळा आला तर दहा-पंधरा मिनिटांत किनारा. बाहेर खडपांवर (पाण्यातल्या खडकांवर) गोबरा, ट्रोलिंगला (चालत्या बोटीमागे आमिष ओढत) सुरमई, पण तिथे जायला वेळ आणि डिझेल दोन्ही जातं, "तीन तासांची ट्रिप" म्हणजे त्यातले प्रत्यक्ष गरवायचे तास किती ते विचारा. रॉड-रील देणार की हातातली दोरी? दोरी काही कमी नाही हां, बोटाला मासा जास्त कळतो, फक्त मोठा लागला तर बोटं कापतात, हातमोजे न्या. आमिष कुणाचं तेही. ताजी कोळंबी किंवा माकूल (स्क्विड) हवी, फ्रीजरमधली मऊ पडलेली कोळंबी गरीवर (गळावर) टिकत नाही.

कागदपत्रं विचारायला लाजू नका. मासेमारीचं लायसन्स वेगळं आणि पर्यटक नेण्याचा परवाना वेगळा, तो मेरिटाइम बोर्डाचा. प्रत्येकाच्या अंगात बसेल असं लाइफ जॅकेट आहे का ते निघायच्या आधी घालून बघा, सीटखाली कोंबलेलं नको. कोस्ट गार्डचा नंबर 1554 सेव्ह करून ठेवा, आणि हवामान खात्याचा इशारा असेल तर ट्रिप रद्द होऊन पैसे परत मिळणार का हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, फोनवरचं बोलणं नंतर कुणाला आठवत नाही. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे गरी चालते का हे तांडेलाने स्वतःहून सांगायला हवं, तो टाळाटाळ करत असेल तर दुसरा बघा.

पोटाचं म्हणाल तर उपाशी जाऊ नका आणि मिसळ हाणूनही नको. बोट लागत असेल तर डॉक्टरला विचारून गोळी निघायच्या आधी घ्या, उलटी सुरू झाल्यावर घेऊन काय उपयोग. शिंगाळा (समुद्री कॅटफिश) लागला तर हात लावायचा नाही, त्याचे काटे विषारी असतात, पाकटाच्या (स्टिंगरेच्या) शेपटीचंही तेच, खलाशाला काढू द्या. कासव अडकलं तर तेही त्यालाच सोडवू द्या आणि लगेच पाण्यात, फोटोबिटो नको. बारकी सुरमई पण परत सोडायची, 370 मिलिमीटरच्या खालची महाराष्ट्रात पकडायची नाही असा नियम आहे.

शेवटचं म्हणजे मासे कुणाचे? काही ठिकाणी सगळे तुमचे, काही ठिकाणी मोठा मासा बोटीचा आणि तुम्हाला जेवणापुरते. मासे मिळतीलच याची गॅरंटी कुणी देत असेल तर तो बहुतेक बाजारातनं आणून देणार. साफ करून रांधून देणार असतील तर त्याचे वेगळे किती, तेही ॲडव्हान्स पाठवायच्या आधीच विचारा.